वाफ्यातले उभे प्रवासी

ती. ताईस,

नमस्कार. भावजींनाही सांग, आणि त्यांच्या गुडघ्याला वेगळा सांग, कारण फोनवर हल्ली तुम्ही दोघं त्याच्याबद्दलच बोलता. त्याला धरून तुम्ही तिघं खुशाल असाल. इकडे आम्ही ठणठणीत आहोत. मंगळवारी सकाळी मात्र आपलं आता आटोपलं, अशा समजुतीने मी डॉक्टरीणबाईंकडे धावलो (काय दिसलं ते मोठ्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही, रंग लाल होता). बाईंनी नाडीलाही हात न लावता विचारलं, "काल बीट खाल्लंत?" एवढ्या एका प्रश्नावर त्यांचं घर चालतं.

अप्पांची सुटकेस भरली का, असं तू विचारलंस. भरली आहे. काठोकाठ. तेव्हा ठरल्याप्रमाणे येत्या रविवारी ये आणि त्यांना तुझ्याकडे घेऊन जा. वाटेत कुठे थांबू नकोस.

दोष तुझा आहे. गेल्या खेपेला निघताना तूच बिटाच्या बियांचं पाकीट ठेवून गेलीस, अप्पांना विरंगुळा होईल म्हणून. झाला. विरंगुळा अप्पांना, बाकीचं सगळं आम्हाला. स्वयंपाकघरामागे, कपडे वाळत घालायच्या तारेखाली त्यांनी वाफा खणला, आणि तेव्हापासून आमचे कपडे मातीला टेकून वाळतात (तारेची सावली पडते म्हणून अप्पांनी ती खाली ओढून घेतली. तारेला सावली असते, हे मला या वयात कळलं). बिटाचं एक बी म्हणजे एक बी नसतं, हेही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तो खडबडीत दाणा म्हणजे एका तिकिटावर चढलेलं अख्खं कुटुंब. एकेकातून तीन-चार रोपं वर आली. पाकिटावर स्पष्ट छापलं होतं: एक ठेवा, बाकीची उपटा. आणि असं पाकीट तू कुणाच्या हातात दिलंस? ज्याने जन्मभर बसमध्ये कंडक्टरकी केली आणि थांब्यावरचा एक माणूस कधी मागे ठेवला नाही त्याच्या. (त्यामुळे त्यांची गाडी एकदाही वेळेवर पोचली नाही. निरोपसमारंभाच्या भाषणांत हा मुद्दा राहून गेला.)

"उपटा म्हणजे?" अप्पांनी मला विचारलं.

"विरळणी करायची, अप्पा. गर्दी कमी करायची."

"म्हणजे वाटेत उतरवायचं. तिकीट काढलेल्या माणसाला."

मी सुशिक्षित असल्यामुळे पाकिटावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी चहाच्या आधी वाफ्यात बसून मी छापल्याप्रमाणे गर्दी कमी केली. अप्पा दारात येऊन उभे राहिले. उपटलेल्या रोपांचा ढीग त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळला आणि दुपारी जेवले नाहीत. तुझी भावजय जेवली, पण माझ्याकडे बघत. "हात आवरत नाही का तुम्हाला? रोपं होती ती, ऑफिसातल्या फायली नव्हत्या." संध्याकाळपर्यंत उतरवलेल्या प्रवाशांची सोय लागली होती: गळकी बादली, कणकेचं पातेलं, माझा दाढीचा मग. पुढे बरेच दिवस मी आमटीच्या वाटीत फेस केला. वाफ्यातली जी माझ्या तावडीतून सुटली होती त्यांच्यासमोर अप्पा रोज सकाळी उकिडवे बसत आणि दोन बोटांनी माती सारत सांगत, "सरका जरा, पुढे जागा आहे." शेजारच्या वकिलांनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "कुणाशी बोलतायत?" मी म्हटलं, "प्रवाशांशी." त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. आता ते मला वाटेत भेटले की खांद्यावर हात ठेवतात.

काढणी सोमवारी झाली. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुरपं लावू देईनात. देठाच्या बुडाशी धरून, हलकेच पिळून, एकेकाला हाताने उतरवून घेतलं. पीक काय वर्णावं! सुपारीहून मोठी, लिंबाहून लहान. दोन बीटं खांद्याला खांदा लावून अशी वाढली होती की सुरी लागली. एक अगदी चपटं निघालं. अप्पांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "खिडकीशी बसलेलं दिसतंय," म्हणाले. मग सगळी टोपलीत ओळीने मांडली, हात झटकले आणि मोठ्यांदा म्हणाले, "सगळे पोचले." पुढचं, डॉक्टरीणबाईंपर्यंतचं, वर लिहिलंच आहे.

तर ताई, हा माणूस घेऊन जा. तुझं घर सातव्या मजल्यावर, बाल्कनीत फरशी, भावजींना कुंडीच्या मातीने शिंका. तिथे अप्पा खुर्चीत बसतील, टीव्ही बघतील, कुणाला सरका म्हणणार नाहीत. गेल्या वेळी तुझ्याकडून परत आले तेव्हा किती शांत झाले होते, आठवतं ना? जेवायला हाक मारली तरी उठत नव्हते. तेवढी शांतता आम्हाला पुरे.

तुझा धाकटा,
बोटं अजून लाल असलेला

ता. क. सुटकेस भरली आहे हे खरं. काय भरलं आहे ते लिहायचं राहिलं. माती. शेवटची काही रोपं बादलीतही मावेनात, तेव्हा अप्पांनी तू घेऊन दिलेली निळी सुटकेस काढली आणि पेचकस तापवून तिच्या तळाला भोकं पाडली. मी म्हटलं, "अप्पा, ताईकडे जायचंय ना? कपडे कशातून नेणार?" त्यांनी वर न बघता सांगितलं, "जागा नाही."

आणखी एक. रविवारी ये, पण जेवायला ये. न्यायला येऊ नकोस. आधी फोन करून अप्पांना सांग की तुझ्या घरात रंगकाम काढलंय, इथला मुक्काम लांबवावा लागेल. राहतो असं ते म्हणायचे नाहीत आणि राहा असं मी म्हणायचो नाही. आपल्या घरात असलं कुणी बोलत नाही. रंगाच्या वासाला मात्र कुणाचं काही चालत नाही. रंग पिवळा सांग. अप्पा विचारतील.

हे शेवटचं. सुटकेसमधली बीटंही सोमवारीच निघाली, तेव्हा ती आता धुऊन घेता येईल, असं तुझ्या मनात येईल. घेता येणार नाही. आज दुपारी अप्पा झोपले असताना मी तिच्यात पुन्हा बी टाकलं. एकेका खळग्यात दोन-दोन दाणे. विरळणी होणार नाही.