तुम्ही पुसलेलं शेत

अप्पा, तुम्ही पुसलेलं आईचं शेत मी परत आणलं. पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण लांबण लावलेलं तुम्हाला कधी खपलं नाही. "मुद्द्याचें बोल" म्हणून समोरच्याला अर्ध्यावर तोडायचात, आणि स्वतःचं मात्र पानातलं जेवण निवेपर्यंत चालायचं. आता तुम्हाला तोडता येणार नाही, तेव्हा मी सावकाश लिहिणार आहे. मराठीतच लिहिणार आहे. घरात आपली तंजावरची बोलायची, पण लिहायची ती पुस्तकातली शुद्ध मराठी, हा तुमचाच हट्ट. फूटपट्टीनं माझी बोटं लाल करून तो तुम्ही पुरा केलात. पुढे नोकरीसाठी पुण्यात राहिले तेव्हा लोक कौतुकानं विचारायचे, चेन्नईची असून इतकं चांगलं कोणी शिकवलं? मी तुमचं नाव घेत नसे.

शेत कोणतं हे तरी तुम्हाला आठवतंय का? सिंगापूरच्या मामानं माझ्यासाठी टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र आणलं होतं. मी त्यात गाड्या पळवायची. सोबत आलेला शेतीचा गेम मला कंटाळवाणा वाटला म्हणून मी बाजूला टाकला, तो आईनं उचलला. मी शाळेतून येते तर आई अड्यारच्या आपल्या त्या हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून बसलेली, पदर खोचलेला, सुकलेला गजरा मानेवर घसरलेला, आणि पडद्यावर एक टोपीवाला माणूस झारीनं पाणी घालतो आहे. इंग्रजी तिला जेमतेम वाचता यायचं. चित्रं बघत, चुकत-माकत तिनं सगळं शिकून घेतलं. "मुळ्यांस रोज पाणी मागतो हा. कुजणार नाहींत? यास कोणी शिकवलें शेत?" असं ती त्या गेमलाच रागे भरायची. वाफा पूर्ण पेरला की मधल्या रोपापर्यंत झारी पोचत नाही, हे तिचं तिनंच शोधून काढलं, आणि मग ती प्रत्येक वाफ्यात आत शिरायला एक घर, म्हणजे एक चौकोन, मोकळं सोडायला लागली. "पाय ठेवायास वाट नको का गे?" तुम्ही नुंगंबाक्कमच्या ऑफिसातून यायच्या आत यंत्रावर कापड पडलेलं असायचं. शेत जिथवर आलं असेल तिथवर ते एका चपट्या मेमरी कार्डात साठवलेलं राहायचं. तुम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही. "आज जमीनदारीण काय पिकवून आली?" म्हणून विचारायचात. आई हसायची. तुमच्या टोमण्यांवर हसणं हे तिच्या घरकामातच धरलेलं होतं.

मग ती सरस्वतीपूजा. नवरात्रातल्या कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडलेल्या, खाली पाटावर ज्याची त्याची विद्या: माझी पुस्तकं, तुमचं फाउंटन पेन, कॅल्क्युलेटर, सगळ्यांना चंदन-कुंकवाचे ठिपके. त्या दिवशी त्यांना कोणी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला, नमस्कार करून उचलायचं आणि नव्यानं सुरुवात करायची. आई दरवर्षी पाटावर तिची विळी ठेवायची. त्या वर्षी विळीशेजारी तिनं मेमरी कार्डही ठेवलं, इवलासा कुंकवाचा ठिपका लावून. कोणाला सांगितलं नाही, मिरवलं नाही.

अशा ठिकाणी तुमची नजर बरोबर जायची. कोलू बघायला शेजारच्या बायका आल्या होत्या, हातात सुंडलच्या, प्रसादाच्या उसळीच्या, वाट्या. तुम्ही ते कार्ड पाटावरून उचललंत आणि सगळ्यांना कळावं म्हणून मुद्दाम तमिळमध्ये म्हणालात, "ही आमच्या घरची नवी विद्या बघा. टीव्हीत मुळे पिकवते ही. सरस्वती अजून उठून गेली नाही हेच नशीब." बायका हसल्या. पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही हा नियम तुमचाच, पण तुमचे नियम तुमच्यासाठी थोडेच असत! आईही हसली. मग आत जाऊन तिनं घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी आज हे लिहीत बसले नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून तुम्ही ते कार्ड यंत्रात घातलंत आणि टीव्हीसमोर बसलात. यंत्र कसं चालतं ते तुम्ही गुपचूप बघून ठेवलं असणार. "आज विजयादशमी. नवें आरंभायचें तर जुनें पुसलें पाहिजे," असं म्हणालात. खरंच पुसायचं का, असा प्रश्न पडद्यावर आला. तो तुम्ही ऑफिसातल्या आवाजात, इंग्रजीत, मोठ्यानं वाचलात आणि अंगठा दाबलात. आई दारात उभी होती. तिला कोणी विचारलं नाही. "इडली निवते आहे, या," एवढंच ती म्हणाली.

मी तेव्हापासून तुमचा द्वेष करते. त्याआधी होता तो नुसता राग, मार खाल्ल्यावर मुलांना येतो तसला, दुसऱ्या दिवशी विसरायचा. हा गेला नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलात तेव्हा मी रजा काढून आले, तुम्हाला भाताची पेज भरवली, औषधं दिली, आणि सगळे म्हणाले मुलगी असावी तर अशी. भरवताना मला तुमचा तो अंगठा दिसत होता. तुम्ही गेल्यावर घर भरून लोक आले, तुमच्या शिस्तीबद्दल, वाचनाबद्दल चांगलंच बोलले. मी त्यांना कॉफी देत फिरले.

यंदा माळा साफ करताना ते यंत्र सापडलं. यंत्र मेलेलं, पण कार्ड धड होतं, वर ठिपक्याचा तांबूस डागही होता. कार्ड कॉम्प्युटरला जोडायचं साधन मिळतं, ते मागवून मी आतलं सगळं उतरवून घेतलं, आणि तेव्हा कळलं की तुम्हाला धड पुसताही आलं नव्हतं. त्या कार्डावर काही पुसलं की यादीतली नोंद तेवढी रद्द होते. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत माल जागच्या जागी पडून राहतो. आणि तुमच्या धाकानं त्या कार्डावर पुन्हा कोणी काही लिहिलंच नव्हतं! मी एकटीच खदाखदा हसले. तुमच्यासमोर असं हसायला कधी मिळालं नाही.

पण मधला थोडा भाग बिघडला होता, त्यामुळे गेम ते शेत उघडेना. मग लांबचा रस्ता धरला. इम्युलेटर म्हणजे कॉम्प्युटरच्या आत त्या जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम. त्यात गेम चालू असताना, त्या क्षणी यंत्राच्या डोक्यात जे काही आहे ते सगळं आकड्यांत उतरवून घेता येतं. त्याला डंप म्हणतात. नवं शेत सुरू करायचं, डंप घ्यायचा, एकच घर शिंपायचं, पुन्हा डंप घ्यायचा, आणि कोणता आकडा बदलला ते बघायचं. असं करत करत गेम शेत कुठं ठेवतो ते सापडतं. मग कार्डावरचं जुनं शेत नेऊन तिथं बसवायचं. शिंपायला मी आईला बसवलं. तिची बोटं आता थोडी कापतात, पण झारी तिला लगेच आठवली.

"एकच घर शिंप, आई. एकच. आता थांब."

"सुम्मा, उगीच एक शिंपून काय गे होणार? बाकी अवघें वाळेल."

"वाळू दे. मी मोजते आहे."

"वाळूं कसें देऊं?" असं म्हणून तिनं भराभर सगळं शेत शिंपून टाकलं आणि माझा डंप फुकट गेला. असं किती वेळा झालं ते विचारू नका. मी चिडायची, ती हसायची, आणि हे हसणं टोमण्यावरचं नव्हतं.

शेवटी कार्डावरच्या आकड्यांच्या गर्दीत मला ते दिसलं. ओळीनं एकच आकडा, मध्ये एक शून्य, पुन्हा तोच आकडा, प्रत्येक वाफ्यात तसंच. पाय ठेवायला सोडलेली वाट. आईला हाक मारायच्या आधी मी तुम्हाला एक शिवी दिली, पुण्यात शिकलेली.

शेत पडद्यावर आलं. आई नाक टेकेल इतकी पुढे सरकली. "माझें शेत," म्हणाली. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले. आता ती बोलेल, इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडेल, निदान एक कडू शब्द तुमच्या नावानं निघेल. शेताशी मला काय करायचं होतं, अप्पा? मला तो शब्द हवा होता. ती मुळे उपटत राहिली. टोपली भरल्यावर म्हणाली, "त्यांस दाखवायास पाहिजे होतें."

"कोणाला?"

"त्यांस. पूजेंत ठेवलें तें त्यासाठींच की. हें काय, कसें केलेंस, म्हणून विचारतील वाटलें."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "त्यांनी पुसलं, आई. तुझ्यासमोर पुसलं."

"पुसलें. मज ठाऊक नाहीं का? परवां त्यांची तिथी आहे न, तूं सांग त्यांस. मज नीट सांगतां यायचें नाहीं."

तिथी झाली. भटजी येऊन गेले, कावळ्याला घास ठेवला. मग मी तुमच्या फोटोसमोर हात जोडून उभी राहिले, आई स्वयंपाकघराच्या दारातून बघते आहे हे मला कळत होतं. मी तुम्हाला काहीही सांगितलं नाही. हे लिहिलेलंही फोटोपुढे वाचणार नाही की ठेवणार नाही, कॉम्प्युटरवरच राहील. तुम्हाला ही खबर मिळावी अशी माझी इच्छाच नाही.

आत गेले तर आईनं विचारलं, "सांगितलेंस?"

"हो."

"काय म्हणाले?" तिनं थट्टेत विचारलं, पण माझ्याकडे न बघता.

मी आवाज थोडा खाली ओढला आणि म्हटलं, "बेस केलेंस गे. अगदीं बेस."

आई लाजली. पिकल्या केसांची बाई, तुमच्यासाठी, अजून. त्या वेळी मला तुमचा जितका राग आला तितका तो अंगठा दाबलात तेव्हाही आला नव्हता, कारण एवढे दोन शब्द बोलणं तुम्हाला इतकं सोपं होतं. तुमचा आवाज मला हुबेहूब काढता येतो, हे मी आजवर कोणाला कळू दिलं नव्हतं. तिनं पुन्हा विचारलं तर मी पुन्हा काढेन.