सुयोगची खुर्ची

रविवार, २ नोव्हेंबर

झाला एकदाचा सत्कार! सर्टिफिकेटं यंदा मी उडवलीच — कुणाच्या कपाटात कुजत पडतात कोण जाणे. केबिन रोडच्या बाजारातून शाली आणल्या, नारळ कानाशी वाजवून घेतले, आणि प्रत्येक स्वयंसेवकाबद्दल मुलांनीच बोलायचं असं ठरवलं. मुर्धा गावातल्या आमच्या अभ्यासवर्गाच्या हॉलमध्ये एवढा दंगा कधी झाला नव्हता!

फक्त सुयोग नाही. मामाच्या बोटीवर गेलाय, काल परतणार होता. दर रविवारी मुलांना खाडीत पोहायला शिकवतो, सगळ्यांत जास्त राबतो — आणि त्यालाच वगळायचं? मी त्याची खुर्ची मांडली, वर शाल-नारळ ठेवला. आठ वर्षांची दिव्या उठून म्हणाली, "दादानी मला पाण्यावर झोपायला शिकवलं." रिकाम्या खुर्चीसाठी मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला रडूच आलं.

सुयोगची आई जिजाबाई दारातच थबकली. "तो दर्यात हाय ना? मंग त्याचा मान खुर्चीवर कशाला ठेवलास? दर्यातल्या मानसाचा मान त्याच्या हातातच द्यायचा. न्हाय तर दुसराच कोन येतो घ्यायला."

मी हसण्यावारी नेलं. आम्ही सिल्व्हर पार्कच्या सोसायटीतले, आम्हाला दर्यातलं काय कळतंय!

सोमवार, ३ नोव्हेंबर

बोट आली नाही. फोन लागत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हॉल उघडला तर खुर्चीवरची शाल ओलीचिंब. छत गळत नाही, किल्ली माझ्याकडेच. शाल पिळली तर खाडीचा वास आला. गच्चीत वाळत घातली. जिजाबाईला सांगितलं नाही — तिचा जीव आधीच टांगणीला लागलाय.

बुधवार, ५ नोव्हेंबर

जिजाबाईच्या समाधानासाठी खुर्चीवरचा मान काढून ठेवावा म्हणून नारळ उचलला. हलका! कानाशी हलवला — आत पाणीच नाही. वरून मात्र अख्खा, साधा तडासुद्धा नाही.

गच्चीवरची शाल पुन्हा खुर्चीवर आहे. मी आणलेली नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

अभ्यासाच्या वेळी सगळी मुलं त्या खुर्चीकडे तोंड करून बसली होती. एकदम शांत! ही मुलं शांत बसतात कधी? दिव्याला खडसावून विचारलं. ती हळूच म्हणाली, "ताई, दादा बसलाय ना. पूर्ण भिजलाय. रविवारी भरतीला आम्हाला सगळ्यांना धक्क्यावर बोलावलंय त्यानी."

मुलं गेल्यावर खुर्चीवरून हात फिरवला. बोटांना मीठ लागलं.

म्हणजे सुयोग गेला. गेला, तरी मुलांचा वर्ग त्याच्याने सोडवत नाही. आणि आम्ही त्याला एक शाल दिली, तीही खुर्चीला! त्याच्या हातात द्यायला हवी होती.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मुलांना हो म्हटलं. रविवारी जाऊ देत धक्क्यावर. निरोप तरी घेतील त्याचा. त्यांच्या आईवडलांशीही मीच बोलले.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सुयोगचा फोन! जिवंत आहे! इंजिन बंद पडून बोट भरकटली, मोबाइल पाण्यात गेला, गुजरातच्या एका बंदरात आहेत सगळे सुखरूप. जिजाबाईच्या गळ्यात पडून रडले.

"बुधवारी पोचतो, ताई. मी येईपर्यंत मुलांना पाण्यात सोडू नका हां."

मग उद्या भरतीला त्यांना धक्क्यावर कोण बोलावतंय?