बाबांना ट्रकांच्या तालमीचं बोलावणं

डोव्हर, मंगळवार

प्रिय बाबा,

मी मजेत आहे, वेळेवर जेवते, हे आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर इथल्या बंदरावर अडकणारे ट्रक कुठे थांबवायचे, याचा सरकारी आराखडा आमच्या ऑफिसकडे आहे. काल बैठकीत सगळे नकाशे आणि फॉर्ममध्येच गुंतले होते. मी विचारलं, "ड्रायव्हरांनी संडासला कुठे जायचं?"

साहेब म्हणाले, "हे तुला कसं सुचलं?"

"माझ्या बाबांनी एकतीस वर्षं ट्रक चालवलाय."

"मग त्यांनाच बोलव की."

हसू नका, खरंच बोलावलंय. पुढच्या गुरुवारी ट्रकांची रंगीत तालीम आहे. तुम्ही पहिल्या ट्रकमध्ये बसायचं आणि आमच्या चुका काढायच्या. मी ऑफिसभर मिरवतेय.

सार्वमतात तुम्ही बाहेर पडायच्या बाजूनं मत दिलंत, म्हणून मी तुम्हाला अडाणी म्हणाले. तेव्हापासून तीन वर्षं आपण आईमार्फतच बोलतोय. माझं मत अजून तेच आहे, तुमचंही असेल. पण तो शब्द मी मागे घेते.

ग्रिम्स्बीहून सकाळची गाडी धरा. स्टेशनवर मी उभी असेन. भांडण उरलंच असेल तर चहा पिताना करू.

तुमचीच,
ग्वेन