विलाड्सच्या वाट्याचा रेझिस्टर

मी, गुडरुन राउनकिल्डे, वय एक्क्याऐंशी, राहणार स्वेनबोर्ग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

घर आणि बँकेतली शिल्लक माझी मुलगी सिडसेल हिला. सोल्डरिंग आयर्नसह सगळी हत्यारंही तिलाच. तिने ती विलाड्समामाला उसनीसुद्धा देऊ नयेत.

मी हाताने बांधलेला प्रीॲम्प्लिफायर आणि पॉवर ॲम्प्लिफायर, ही जोडीही सिडसेललाच. माझा धाकटा भाऊ विलाड्स ती मागतोय. का देऊ? जन्मभर त्याने टेलिफोनच्या तारा जोडल्या. तिथे दोन्ही टोकांचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, सारखा लागतो, हे खरं. इथे नाही! इथे देणाऱ्या प्रीॲम्प्लिफायरचा कमी आणि घेणाऱ्या पॉवर ॲम्प्लिफायरचा निदान दहापट हवा, नाहीतर माझ्या व्हॉल्व्हच्या प्रीॲम्प्लिफायरचा दम निघतो आणि खर्ज आधी मरतो. हजारदा सांगितलं. "ताई, जुळणी म्हणजे समसमान, एवढंही कळत नाही तुला?" म्हणे! एस्बेनच्या शोकसभेच्या आदल्या दिवशी मी चर्चमध्ये फुलं लावत होते, तेवढ्यात या शहाण्याने दोन्हींचा इम्पीडन्स समसमान करायला पॉवर ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी रेझिस्टर डकवला.

एस्बेन, माझा नवरा, जन्मभर चेलो वाजवत आला. सभेत त्याची शेवटची ध्वनिफीत लागली, आणि चेलोच्या जाड तारेचा खर्ज गायब. लोक हळहळले, "बिचाऱ्याचा हात गेला होता शेवटी." माझ्या नवऱ्याचा हात! मला दोष सापडला तोवर मंडळी कॉफी पिऊन घरी गेली होती. विलाड्स म्हणतो, "जाऊ दे ना ताई, एवढ्याशा तुकड्याचं काय घेऊन बसलीस?" तो तुकडा मी आज उपटून काडेपेटीत ठेवला आहे. विलाड्सचा वाटा तेवढाच.

माझ्या अंत्यविधीला हीच जोडी आणि हीच ध्वनिफीत लावावी. विलाड्सला पहिल्या बाकावर बसवावं. एस्बेनची जाड तार सगळ्यांना ऐकू आल्याशिवाय मला पुरू नये.

स्वेनबोर्ग, १४ नोव्हेंबर २००९
सही: गुडरुन राउनकिल्डे

साक्षीदार:
इंगर-लिस थोरुप, शेजारीण. गुडरुनबाईंनी सही माझ्यासमोर केली.
बिर्गर डाल्सगोर, चर्चचा ऑर्गनवादक. माझ्याही समोर केली. "हात गेला होता" असं सभेत सगळ्यात आधी मीच म्हणालो होतो. सही करण्यापूर्वी बाईंनी मला बसवून फीत ऐकवली. हात गेला नव्हता.