हिरवा मोजा

सावली, रविवार संध्याकाळ

तळ्याकाठच्या कॅम्पिंगवरून आलो. यांच्यासाठी हिरव्या लोकरीचे मोजे विणत होते. काल एकच पुरा झाला, तर यांनी तोच डाव्या पायात घालून दिवसभर जंगल पालथं घातलं. आज सकाळी चहाही यांनीच केला. नंतर दुसऱ्या मोज्याची टाच मापायला पहिला मागितला, तर तो ओला, तांबूस. आत चहापत्ती.

"गाळणी घरीच राह्यली ना," हे म्हणाले. "नाल्यात धुतला होता मी."

"साबणानं?"

"जंगलात साबण कुठी भेटते?"

घरी येताच दुसरा मोजा उसवून टाकला. ती चहापत्ती डोळ्यापुढून जात नाई. पण खरी किळस माझीच येते. मीच म्हणाले होते, आज चहाले वेगळीच चव आहे, अजून अर्धा कप द्या.