शाळेच्या नावाची तक्रार

नालवाडी, सोमवार, १४ जून २००४

माझा जुना विद्यार्थी विलास. त्यानं आमच्या शाळेच्या नावाची वेबसाइट स्वतःच्या शिकवणीसाठी घेतली. पालक ती शाळेचीच समजून प्रवेशाला त्याच्याकडे जायला लागले. शनिवारी मी चिडून तक्रार लिहिली. पाठवली कुठे? त्याच वेबसाइटवर! 'तक्रार इथे करा' असं दिसलं ना. लगेच उत्तर आलं, 'योग्य कारवाई करू.' मुख्याध्यापक खूश!

आज विलास घरीच आला.

"बाई, मले चोर काऊन म्हटलं जी? तीनदा वाचलं म्या. घ्या, नाव वापस करून राह्यलो."

रागवायचं राहूनच गेलं, चहा केला. तीनदा वाचलं म्हणे! शाळेत त्यानं निबंधावरचा माझा शेरा एकदा तरी वाचला होता का?

खरं सांगायचं तर, बरं वाटलं.