आमचं आरमार एकाहत्तरला थांबलं

परंडा,
७ डिसेंबर

तीर्थरूप महारुद्र दाजींच्या चरणी अंबादासचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि कमलअक्काची शुगर ठीक असेल असं धरून चालतो (अक्का फोन उचलत नाही, त्यामुळे धरूनच चालावं लागतं).

नौदल दिनी आमच्या शाळेत तुमचा सत्कार ठरला, तेव्हा प्रास्ताविकाला दहा मिनिटं असं पत्रिकेत मीच लिहिलं होतं. पण अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवणाऱ्याच्या हातात माईक म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. शिवरायांच्या आरमारापासून निघालो. सिंधुदुर्ग बांधून होईतो पाऊण तास गेला. मग इंग्रजांच्या गोद्या, मुंबईतलं खलाशांचं बंड, एकाहत्तरची कराची. तिथं माझी वही संपली. तुम्ही भरती झालात अठ्ठ्याऐंशी साली; म्हणजे ज्यांचा सत्कार, ते वहीत कुठंच नव्हते. मग टाळ्यांसाठी तुम्हाला एका युद्धनौकेवर चढवलं आणि दोन तोफा दिल्या. (तुम्ही सर्वेक्षणाच्या जहाजावर होता, हे मला ठाऊक होतं. सोनारीहून सभेला आलेल्या पाहुण्यांसमोर ते जरा फिकं वाटलं.)

तुम्ही बोलायला उठलात तोवर कुर्डुवाडीच्या एसटीची वेळ झालेली. त्यात आमच्या लिंबाजी शिपायानं विचारलं, "दाजी, शत्रूची किती जहाजं बुडिवली?"

तुम्ही म्हणालात, "एकबी न्हाय. आमी समुद्राचा तळ मोजला, नकाशे केले. एकदा लढाई पेटलेल्या बंदरातनं आपली माणसं घरला आणली."

आणि मी माईक ओढून म्हणालो, दाजी फार विनयशील आहेत! तुम्ही शाल खुर्चीवर ठेवून न जेवता निघालात. घरी राजेश्वरीनं तुमच्यासाठी केलेल्या शेंगापोळ्या आम्ही तीन दिवस खातोय, एकही गोड लागली नाही.

खोटं मी बोललो आणि खोटे तुम्ही ठरलात. फार वाईट वाटतं, दाजी. दुसऱ्या दिवशी सहावीतल्या शिवांजलीनं विचारलं, समुद्राचा तळ मोजतात कसा? पुढच्या आठवड्यात सांगतो म्हणून वेळ मारून नेली. तेवढं एका कार्डावर लिहून कळवावं. इतकी वर्षं तुम्ही घरचे, आणि हे मी कधी विचारलंच नाही.

आपला अपराधी,
अंबादास

ता. क. : कार्ड राहू द्या. तुम्हीच येऊन वर्गाला सांगा. मी प्रास्ताविक करणार नाही (फार तर दोन मिनिटं).

आणखी एक : घरच्यांना जहाजावर न्यायच्या दिवशी तुम्ही दरवर्षी बोलवायचात आणि पेपर तपासायचेत असं मी कळवायचो. पेपर कसले! तुमच्यासमोर आपल्याला काहीच येत नाही हे उघडं पडेल, ही भीती. अठ्ठावीस वर्षं आरमार शिकवलं दाजी, पण समुद्र मी अजून पाहिलेला नाही. तुम्ही निवृत्त झालात, आता जहाज मिळायचं नाही, हे कळतं. नुसतं किनाऱ्यापर्यंत न्याल का?